योग्या : वैद्याच्या हाताचे शिक्षण

कुंभकोणम शहराच्या ज्या भागाला मेलकावेरी म्हणतात, तो महाराष्ट्रापासून फार दूर आहे. परंतु मराठी भाषेला तो परका नाही. तमिळमध्ये ‘मेल’ म्हणजे वरचा किंवा पश्चिमेकडचा. येथून तंजावर चाळीस किलोमीटरांच्या आतबाहेर. सतराव्या शतकाच्या शेवटच्या चरणात एकोजीराजांनी तंजावर घेतले, आणि १८५५ साली संस्थान खालसा होईपर्यंत कावेरीच्या या सुपीक पट्ट्यात भोसल्यांचे नाव, मोडी लिपीतले दफ्तर व मराठी कीर्तन नांदत राहिले. त्रावणकोर, इंदूर व बडोदे या तिन्ही संस्थानांचे दिवाणपद भूषविणारे सर टी. माधवराव १८२८ साली कुंभकोणमातच जन्मले. तेथील मराठी घराण्यांची बोली आज आपल्या कानाला किंचित वेगळी लागेल, इतकेच.

या प्रदेशाची आठवण काढण्याचे कारण राजकारणाचे नाही, वैद्यकाचे आहे. प्रश्न अगदी साधा आहे. वैद्य आपले पहिले शस्त्रकर्म कोणावर करतो? ग्रंथ वाचून वैद्याला रोगाचे नाव कळेल, औषधाचे प्रमाण कळेल; परंतु सुरी किती दाबावी हे ग्रंथ सांगत नाही. ते हाताला कळावे लागते. आणि हाताला ते कळेपर्यंत ज्याच्या देहावर तो शिकतो, त्या माणसाने ती किंमत का द्यावी? सुशिक्षित समाजाने हा प्रश्न उघडपणे फारसा कधी विचारला नाही. पुष्कळदा त्याचे उत्तर असे झाले की, धर्मार्थ रुग्णालयात येणाऱ्या गरिबाने ती किंमत द्यावी आणि धनवंताने शिकून तयार झालेला वैद्य बोलवावा.

तंजावरचे दुसरे सरफोजीराजे यांच्यापुढे हा प्रश्न एका निराळ्याच रूपाने उभा राहिला. त्यांचा जन्म १७७७ सालचा. तुळजाजीराजांनी त्यांना दत्तक घेतले, आणि त्यांच्या शिक्षणाची काळजी ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने वाहिली. १७९८ साली सरफोजी गादीवर आले. पण दुसऱ्याच वर्षी झालेल्या तहाने राज्याचा कारभार कंपनी सरकारकडे गेला व राजांची सत्ता किल्ल्याच्या भिंतींच्या आत उरली. ज्याचे राज्य गेले, त्याने विद्येचे राज्य उभारले, असे आपण कौतुकाने म्हणतो. मला त्यात थोडे दुःखही दिसते. मोहिमा काढता येत नाहीत, महसूल ठरविता येत नाही, अशा स्थितीत एका बुद्धिमान पुरुषाने आपली सारी ऊर्जा ग्रंथ, छापखाना, संगीत व वैद्यक यांत ओतली. सरस्वती महाल ग्रंथालयाला आजचे वैभव त्यांच्याच काळात आले. बृहदीश्वराच्या मंदिरात त्यांनी १८०३ साली आपल्या वंशाचा इतिहास मराठीत दगडावर कोरवून घेतला.

वैद्यकासाठी त्यांनी धन्वंतरी महाल स्थापन केला. तेथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी व युरोपीय अशा चारही पद्धतींचे जाणकार एकत्र आले होते. औषधे तयार करून त्यांचा गुण पाहिला जाई, आणि अनुभवास उतरलेले योग तमिळ पद्यात बांधून ठेवले जात. हे पद्यसंग्रह ‘सरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने पुढे छापले गेले. नेत्रचिकित्सेचा विभाग तर विशेष होता. मोतीबिंदू व डोळ्यांचे इतर विकार झालेल्या रुग्णांच्या १८२०च्या दशकातील नोंदी सरस्वती महालात सापडल्या आहेत; त्यांत रुग्णाची हकीकत आहे, उपचार आहेत आणि काहींच्या सोबत डोळ्यांची हाताने काढलेली चित्रे आहेत. आपल्या कामाचा असा लेखी हिशेब ठेवणारी रुग्णालये त्या काळी जगातही थोडीच होती. बिशप हेबर मार्च १८२६ मध्ये तंजावरला आले, तेव्हा या राजाला युरोपातील शास्त्रज्ञांची किती बारीक माहिती आहे हे पाहून ते चकित झाले.

परंतु शरीररचना शिकावयाची म्हणजे माणसाची हाडे हाताळली पाहिजेत, आणि धर्मनिष्ठ हिंदू राजाच्या वाड्यात मृताची अस्थी ठेवणे म्हणजे विटाळ. येथे सरफोजींनी जो मार्ग काढला तो मोठा सूचक आहे. त्यांनी हस्तिदंताच्या सांगाड्याचा मार्ग पत्करला. माणसाचे हाड नको, पण हाडाचा आकार, त्याची खोबण, त्याचा सांधा, हे सारे हवे. आचारही राखावयाचा आणि विद्याही सोडावयाची नाही. आजच्या भाषेत बोलावयाचे तर खऱ्या देहाच्या जागी त्यांनी त्याचे प्रतिरूप आणले. कोणी याला भित्रेपणाची तडजोड म्हणेल. मला तसे वाटत नाही. कारण प्रतिरूपावर शिकण्याची ही कल्पना परदेशातून उसनी आणलेली नव्हती; जो वारसा सरस्वती महालातील वैद्यक हस्तलिखितांच्या मागे उभा होता, त्यातच तिचे मूळ होते.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात नववा अध्याय ‘योग्यासूत्रीय’ नावाचा आहे. ‘योग्या’ म्हणजे कर्माचा सराव. अध्याय लहान आहे, पण जगाच्या वैद्यकेतिहासात त्याला तोड क्वचितच सापडेल. शिष्याने सर्व शास्त्र पढले असले, तरी त्याच्याकडून योग्या करवून घ्यावी. सराव न झालेला मनुष्य कितीही बहुश्रुत असो, तो कर्माला अपात्र, असे आरंभीच ठरवून टाकले आहे. पुढे कोणते कर्म कशावर शिकावे याची यादी येते, आणि ती वाचताना आपण एखाद्या स्वयंपाकघरात किंवा परसात उभे आहोत असा भास होतो. छेद घेण्यास शिकावयाचे ते कोहळा, दुध्या भोपळा, कलिंगड, काकडी यांवर. भेद करावयाचा तो पाणी व चिखल भरलेल्या चामड्याच्या पिशवीवर किंवा जनावराच्या मूत्राशयावर. खरवडावयाचे ते केस असलेल्या कातड्यावर. शीर टोचण्याचा सराव मेलेल्या जनावरांच्या शिरांवर व कमळाच्या देठांवर. जखमेचा मार्ग सळईने चाचपावयाचा, तर किड्याने पोखरलेले लाकूड, बांबू व वाळलेल्या भोपळ्याचे तोंड घ्यावयाचे. आत रुतलेली वस्तू बाहेर काढण्यासाठी फणस व बेलफळाचा गर, तसेच मृत जनावराचे दात. शिवण्यासाठी घट्ट विणीच्या तलम वस्त्राचे काठ व मऊ चामडे. स्राव करण्याच्या कर्मासाठी सावरीच्या फळीला मेण माखावयाचे. पट्टी बांधण्यास तर कापडाचा किंवा मातीचा माणूसच करून घ्यावा, आणि त्याच्या एकेका अवयवावर बंध शिकावे.

या यादीच्या शेवटी शेवटी एक गोष्ट येते, तिच्याकडे वाचकांचे सहसा लक्ष जात नाही. गुदमार्गाने बस्ती देताना नळी कशी घालावी व पिशवी किती दाबावी, याचा सराव पाण्याने भरलेल्या घड्याच्या कुशीतील छिद्रावर आणि भोपळ्याच्या तोंडावर करावा, असे तेथे सांगितले आहे. नळी कशीबशी आत ढकलली म्हणजे काम झाले असे नाही; ती सरळ, न थरथरता, योग्य खोलीपर्यंत गेली पाहिजे. चुकलेल्या हाताने आतून इजा होते हे त्या आचार्यांना पुरते ठाऊक होते. मूळव्याधीच्या चिकित्सेत गाईच्या सडासारख्या आकाराचे एक यंत्र वर्णिले आहे. ते धातूचे, हस्तिदंताचे, शिंगाचे किंवा लाकडाचे करावे, पुरुषांसाठी त्याचा घेर वेगळा व स्त्रियांसाठी वेगळा. दोन छिद्रांचे यंत्र पाहण्यासाठी, एका छिद्राचे कर्मासाठी. आधी नीट पाहा, मग हात घाला, हा क्रम यंत्राच्या घडणीतच बसविलेला आहे.

इतका स्पष्ट विचार असताना योग्येची परंपरा पुढे कोठे गेली? माझे मत असे की विद्या दोन घरांत विभागली गेली. शास्त्र पोथीत राहिले. ते पाठ करणारा पंडित सुरीला हात लावीनासा झाला. हात मात्र जिवंत राहिला, तो कारागिरांच्या घरी. याचा पुरावा पुण्याजवळचाच आहे. कावसजी नावाचा एक गाडीवान इंग्रजांच्या सैन्याबरोबर होता. १७९२ सालच्या लढाईत तो टिपूच्या हाती सापडला व त्याचे नाक कापण्यात आले. पुढे पुण्याजवळ एका कुंभार जातीच्या माणसाने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले. दोघा इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिले, आणि १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ती हकीकत छापून आली. त्या हकीकतीत मेण पुन्हा भेटते. त्या कारागिराने मेणाचा पातळ पत्रा घेऊन आधी त्याचे नाक घडविले. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला व त्याच्या कडेने रेघ ओढून तेवढीच कातडी सोडविली. चूक व्हावयाची तर ती मेणावर व्हावी, माणसावर होऊ नये. लंडनच्या जोसेफ कार्प्यू या शस्त्रवैद्याने ती हकीकत वाचली, प्रेतांवर सराव केला आणि १८१४ साली स्वतः तशी शस्त्रक्रिया केली. पुण्याच्या त्या कुंभाराचे नाव मात्र कोणीही टिपून ठेवले नाही.

इतर देशांतही अशी बुद्धी वेळोवेळी चालली होती. चीनमध्ये १०२७ साली वांग वेइयी याने माणसाच्या आकाराचा काशाचा पुतळा ओतविला. त्याच्या अंगावरील छिद्रे मेणाने बुजवीत, आत द्रव भरीत. विद्यार्थ्याची सुई नेमक्या बिंदूवर गेली तर थेंब बाहेर येई, चुकली तर येत नसे. फ्रान्समध्ये मादाम द्यु कुद्रे या सुईणीने कापूस भरलेल्या कापडाचे व चामड्याचे स्त्रीशरीर तयार केले, आणि १७५९ पासून राजाच्या आज्ञापत्रासह गावोगाव फिरून हजारो खेडवळ बायांना बाळंतपण करावयास शिकविले. तिचा एक नमुना रूआँ येथील संग्रहालयात अजून आहे. विमानविद्येने हीच कल्पना १९२९ च्या सुमारास उचलली; एडविन लिंक या बाजाच्या कारखानदाराच्या मुलाने भात्यांवर डोलणारे खोटे विमान बनविले. वैमानिकांनी ते मानले. डॉक्टरांना ते मानावयास आणखी पुष्कळ वर्षे लागली, आणि याचे कारण मला उघड दिसते: विमान पडले तर वैमानिकही मरतो.

आता आपण आपल्या काळाकडे व मोठ्या आतड्याकडे वळू. विषय श्रोत्यांना नाजूक वाटेल. पण मघाचा पाण्याचा घडा येथे पुन्हा उपयोगी पडतो. मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांब असते. त्याच्या अस्तरावर काहींना मांसाचे लहान कोंब उगवतात. डॉक्टर त्यांना पॉलिप म्हणतात. बहुतेक निरुपद्रवी राहतात, परंतु त्यांतील एका जातीचे कोंब दहा-पंधरा वर्षांत हळूहळू कर्करोगात पालटू शकतात. म्हणजे हा एक असा कर्करोग आहे की, त्याचे बीज वेळीच दिसले व काढता आले, तर तो होतच नाही. १९९३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने हे आकड्यांनी दाखविले. कोंब काढलेल्या लोकांत हा कर्करोग अपेक्षेपेक्षा तीन-चतुर्थांशाहूनही अधिक प्रमाणात कमी झाला होता. भारतात या रोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरेच कमी आहे, पण आपल्या शहरांतील डॉक्टरांना तो आता नवा राहिलेला नाही.

पोट न उघडता लवचीक दुर्बिणीतून तारेचा फास टाकून हे कोंब कापण्याची युक्ती १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम वुल्फ व हिरोमी शिन्या यांनी सिद्ध केली. युक्ती जितकी सुंदर, तितकी शिकावयास कठीण. डावा हात दोन चाके फिरवून दुर्बिणीचे टोक वर-खाली व उजवी-डावीकडे वळवितो. उजवा हात नळी पुढे-मागे करतो आणि पीळ देतो. आतडे दोरासारखे ताणलेले नसते. ते सैल असते, नळी पुढे ढकलली की तेच वेटोळे घेते, रुग्णाला कळ येते आणि टोक मात्र जागच्या जागी राहते. शहाणा हात अशा वेळी ढकलीत नाही. तो नळी मागे घेतो, वेटोळे सोडवितो, आणि टोक आपोआप पुढे सरकते. मागे घेतल्याने पुढे जाता येते, हे पुस्तकात वाचून कोणालाही पटते, पण मनगटाला ते शेकडो वेळा केल्यावरच पटते. मग पाहणे. काही कोंब देठावरच्या फळासारखे लोंबतात, ते कोणालाही दिसतात. काही अगदी सपाट असतात. आजूबाजूच्या अस्तराहून रंगात किंचित वेगळे, कधी शेवाळासारख्या श्लेष्म्याखाली दडलेले, कधी घडीच्या मागे. मग काढणे. सपाट कोंबाखाली द्रव टोचून तो उचलावा लागतो. फास फार खोल बसला तर आतड्याला छिद्र पडते, फार वर बसला तर मूळ शिल्लक राहते.

हे सारे डॉक्टर शिकत कसे होते? ब्रिटनमध्ये एक मोठी पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. ६८ रुग्णालयांतील ९,२२३ तपासण्या तीत मोजल्या गेल्या. दुर्बीण आतड्याच्या टोकापर्यंत खरोखर पोचल्याचे प्रमाण, काटेकोर हिशेब केला असता, ५७ टक्केच निघाले. तपासणी करणाऱ्यांपैकी पहिल्या शंभर तपासण्या कोणाच्या देखरेखीखाली केल्याचे सांगणारे केवळ १७ टक्के होते. उरलेले आपले आपण शिकले. म्हणजे खरे तर रुग्णांनी त्यांना शिकविले. रुग्णांना आपण गुरुस्थानी आहोत याची कल्पना नव्हती! मला ब्रिटिशांचे कौतुक येथे वाटते. इतकी लाजिरवाणी गोष्ट त्यांनी स्वतःच मोजली, छापली आणि देशभर शिक्षणकेंद्रे उभारली. २०११ सालच्या पाहणीत तेच प्रमाण ९२ टक्क्यांवर गेले होते. आपल्याकडे अशी मोजणी व्हावयाची आहे.

या शिक्षणकेंद्रांत प्रतिरूपाचा उपयोग होऊ लागला. जर्मनीत एर्लांगेन येथे १९७४ सालीच क्लासन व रुपिन यांनी दुर्बिणीच्या सरावासाठी कृत्रिम देह वर्णिला होता. त्याच गावी १९९७ मध्ये डुकराची धुतलेली आतडी साच्यात बसवून रक्तस्राव थांबविण्याचा व कोंब कापण्याचा सराव सुरू झाला; सुश्रुताचा शिष्य जनावराचे मूत्राशय घेऊन बसलेला पाहिला असता, तर त्या जर्मन डॉक्टरांना तो अनोळखी वाटला नसता. रबराची आतडी आली. १९८० च्या दशकापासून संगणकही आला. पडद्यावर खोटे आतडे वळते, हातातील नळीला खोटा अडथळा जाणवतो आणि खोटा रुग्ण कण्हतो. कोंब ओळखण्यासाठी चित्रांचे संच तयार झाले. पृष्ठावरील नक्षी पाहून हा कोंब साधा, हा काढण्याजोगा, याला हात लावू नये, असा निवाडा शंभर वेळा करावयाचा आणि लगेच उत्तर ताडून पाहावयाचे.

याचा गुण किती? आरंभी पुष्कळ. रुग्णाला हात लावण्यापूर्वी ज्यांनी यंत्रावर तास घालविले, त्यांची पहिली तपासणी यंत्र न पाहिलेल्या नवशिक्यांपेक्षा चांगली होते, हे अनेक तुलनांतून दिसले आहे. परंतु यंत्र गुरूची जागा घेते असे दिसलेले नाही. रबराला वेदना नाही, संगणकाच्या आतड्यात मळ नाही. आणि सराव थांबला की विद्या ओसरते. पोलंडमध्ये कृत्रिम बुद्धीचे साहाय्य घेऊन तपासणी करणाऱ्या अनुभवी डॉक्टरांविषयी २०२५ साली एक निरीक्षण प्रसिद्ध झाले: साहाय्याची सवय लागल्यानंतर ते काढून घेतले, तेव्हा त्यांना धोकादायक कोंब सापडण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर उतरले होते. यावरून निर्णायक अनुमान काढणे घाईचे होईल. पण पडद्यावर चौकट उमटेल म्हणून वाट पाहणारा डोळा स्वतः शोधणे सोडून देत असेल, हे असंभवनीय नाही.

भारतात २०१९ पासून वैद्यकीय महाविद्यालयांना कौशल्यप्रयोगशाळा ठेवण्याचा नियम झाला. विद्यार्थ्याने टाके घालणे, शीर शोधणे, बंद पडलेले हृदय चालू करणे हे आधी नमुन्यावर करावे, अशी अपेक्षा आहे. दुर्बिणीचे शिक्षण त्यापुढचे. त्याची महागडी यंत्रे मोठ्या शहरांतील थोड्या संस्थांत आहेत किंवा परिषदांच्या वेळी दोन दिवसांपुरती मांडली जातात. कुंभकोणमसारख्या गावात दुर्बीण घेऊन बसणाऱ्या डॉक्टराला ती क्वचितच लाभतात. येथे माझे एक म्हणणे आहे. प्रतिरूप महाग असले पाहिजे हा समज यंत्र विकणाऱ्यांचा आहे. सुश्रुताने एकही वस्तू अशी सांगितली नाही की, जी शिष्याला परसात, बाजारात किंवा खाटकाच्या दुकानात मिळणार नाही. नळीचे वेटोळे सोडविण्याचा सराव रबरी नळी व लाकडी चौकट यांवर होऊ शकतो, फास टाकण्याचा सराव खाटकाकडील आतड्यावर. दुर्मिळ आहे तो शेजारी उभा राहून ‘आता मागे घ्या’ असे सांगणारा जाणता माणूस.

सरफोजीराजे १८३२ साली वारले. संस्थान गेल्यावर धन्वंतरी महालही राहिला नाही. त्यांच्या नेत्ररुग्णांच्या नोंदींचे कागद मात्र सरस्वती महालात आहेत. कोणाच्या कोणत्या डोळ्याला काय झाले होते आणि पुढे त्याला दिसू लागले की नाही, हे त्यांत आजही वाचता येते.